कर्णा, मायक्रोफोन आणि खोली

मारतहळ्ळीसारख्या वस्तीत, जेथे बाह्य वर्तुळमार्गाची वर्दळ अखंड चालू असते आणि एच.ए.एल.च्या धावपट्टीवरून मधूनच एखादे विमान झेपावते, तेथे भाड्याच्या घरात गिटारीचे ध्वनिमुद्रण करणाऱ्या तरुणांची खटपट आम्ही कौतुकाने पाहत असतो. मायक्रोफोन वीतभर पुढे, हातभर मागे, खिडकीवर रजई. (रजईने खोलीचा घुमारा शोषला जातो, विमान अडत नाही, त्यास जड भिंतच हवी.) हा प्रश्न त्यांस आजचा वाटतो, वस्तुतः तो शंभराहून अधिक वर्षांचा आहे.

1902 साली फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यास आला आणि हॉटेलच्या खोलीत त्याने गौहरजानचे गाणे मुद्रित केले, ते कर्ण्यातून. आवाजाच्या जोरावरच सुई मेणावर रेघ कोरीत असे. सबब दणकट वाद्यांची चलती झाली. व्हायोलिनला धातूचा कर्णा जोडावा लागला, बँजो पुढे आला आणि मृदू गिटार मागे पडली. खोली तर जवळजवळ मुकीच राहिली.

1925 साली विद्युत्‌मुद्रण आले आणि खोलीस वाचा फुटली. अंतर दुप्पट केले की वाद्याचा थेट नाद सुमारे सहा डेसिबलने उतरतो. भिंतींवरून परतणारा घुमारा मात्र खोलीभर बहुधा सारखाच राहतो. म्हणजे मायक्रोफोन हलविणे हे खोलीला किती बोलू द्यावे हे ठरविणेच होय. गिटारीच्या छिद्रासमोर तो ठेविला तर खर्ज घोंघावतो. बाराव्या पडद्याच्या रोखाने, हातभर अंतरावर, तार व लाकूड यांचा मेळ बरा बसतो.

1936 साली सॅन अँटोनियोच्या गंटर हॉटेलात रॉबर्ट जॉन्सन भिंतीकडे तोंड करून वाजवीत बसला. निर्माता डॉन लॉ यास तो बुजरेपणा वाटला. पुढे राय कुडर या गिटारवादकाने तर्क केला की, कोपऱ्यातून परतणारा नाद त्यास हवा होता. आमचा कल कुडरकडे आहे. पण तो कलच, पुरावा नव्हे.

आपल्याकडे 1967 साली एच.एम.व्ही.चे जी. एन. जोशी, जे मराठी रसिकांस भावगीतगायक म्हणून परिचित आहेत, यांनी 'कॉल ऑफ द व्हॅली' सिद्ध केली. काश्मिरी मेंढपाळाचा एक दिवस तीत रंगविला आहे. शिवकुमार शर्मांचे संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, माणिकराव पोपटकरांचा तबला आणि ब्रिजभूषण काबरांची गिटार. संतूरचा स्वर उमटताच विरू लागतो, गिटारीची मींड लांबत जाते. कर्ण्याने जिला दूर सारले होते, ती येथे संतूरच्या शेजारी बसून आलाप करते.