१९७८ : एक वास्तुकार, एक खेळाडू

लंडनच्या कॅमडेन भागाशी आपलं मराठी माणसांचं नातं मुख्यतः एका घरापुरतं आहे. किंग हेन्रीज रोडवरचं १० क्रमांकाचं घर, जिथे १९२१-२२ मध्ये शिकत असताना बाबासाहेब आंबेडकर राहिले. महाराष्ट्र सरकारने ते २०१५ मध्ये विकत घेतलं आणि संग्रहालयाच्या परवानगीसाठी कॅमडेन कौन्सिलशी बराच वाद झाला. पण तिथे गेलात तर लगेच परतू नका. पायी अर्ध्या तासाच्या आत, त्याच कौन्सिलने बांधलेली अलेक्झांड्रा रोड इस्टेट आहे. तिचा वास्तुकार नीव्ह ब्राउन. जन्म १९२९, न्यूयॉर्क राज्यातला.

१९६५ पासून सिडनी कुक यांच्या हाताखाली कॅमडेनच्या वास्तुकला विभागात तरुण आधुनिकतावादी मंडळी जमली होती. गरिबांसाठी घरं म्हणजे उंच मनोरे, हे समीकरण त्यांना मान्य नव्हतं. ब्राउनचं म्हणणं साधं होतं : प्रत्येक घराला रस्त्यावर उघडणारं स्वतःचं दार हवं आणि डोक्यावर आभाळ असलेली थोडी जागा हवी. मनोरा न बांधताही तेवढीच माणसं मावतात, हे त्याने ५२० घरं बांधून दाखवलं. युस्टनला जाणाऱ्या रेल्वेकडे पाठ करून आठ मजली काँक्रीटची लांबलचक वळणदार भिंत, आणि आतल्या बाजूने पायऱ्यापायऱ्यांनी उतरणाऱ्या गच्च्या. गाड्यांची थरथर घरात येऊ नये म्हणून पायात रबराच्या गाद्या. मधोमध रोली वे, फक्त चालणाऱ्यांसाठी. चाळीच्या गॅलरीत वाढलेल्या कुणालाही हा रस्ता ओळखीचा वाटेल. तिथे दार उघडलं की शेजार सुरू होतो.

१९७८ मध्ये काम संपत आलं. त्या दशकातल्या महागाईत खर्च मूळ अंदाजाच्या दुपटीच्याही पुढे गेला होता. कौन्सिलने जाहीर चौकशी लावली. ब्राउनवर दोष आला नाही, पण निर्णय यायला काही वर्षं गेली, आणि तेवढ्यात नाव खराब व्हायचं ते झालं. एकोणपन्नासाव्या वर्षी, वास्तुकार जेमतेम भरात येतो त्या वयात, ब्रिटनमधली त्याची कारकीर्द संपली. त्याने या देशात पुन्हा एकही इमारत बांधली नाही.

त्याच १९७८ मध्ये कॅनडातल्या एडमंटनला डेव्हिड ब्रायंट नावाचा इंग्रज राष्ट्रकुल स्पर्धेत लॉन बोल्सचं एकेरीचं सुवर्ण चौथ्यांदा जिंकत होता. या दोघांचा काही संबंध होता असं नाही. ती जोडी मी लावते आहे, सालासाठी आणि वयासाठी : ब्रायंट ब्राउनपेक्षा दोनेक वर्षांनी धाकटा. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला भारताच्या चौघींनी सुवर्ण जिंकलं तेव्हा आपल्यापैकी बऱ्याच जणांनी हा खेळ पहिल्यांदा पाहिला. गुळगुळीत कापलेल्या हिरवळीवर एक छोटा पांढरा चेंडू, जॅक. आपला मोठा चेंडू त्याच्या जास्तीत जास्त जवळ नेऊन थांबवायचा. मेख अशी की चेंडूचा आकार मुद्दाम असमान असतो, त्यामुळे तो वेग मंदावला की एका बाजूला वळतो. थोडक्यात, गोट्या, पण वयस्क आणि फार सभ्य.

ब्रायंट सॉमरसेटमधल्या क्लीव्हडनचा, आधी शाळामास्तर, तोंडात कायम पाइप. १९६२, १९७०, १९७४, १९७८ अशी राष्ट्रकुलची एकेरीची चार सुवर्णं. १९६६ मध्ये त्या स्पर्धेत हा खेळच नव्हता, तर त्या वर्षी तो पहिला जागतिक विजेता झाला. मग १९८० मध्ये पुन्हा आणि १९८८ मध्ये, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, तिसऱ्यांदा.

हा फरक गुणवत्तेचा नाही. बोल्समध्ये शंका आली तर मोजपट्टी निघते, आणि त्याच दुपारी, खेळाडूच्या डोळ्यांदेखत निकाल लागतो. हरलात तरी पुढच्या शनिवारी हिरवळ तिथेच असते. वास्तुकाराला मात्र आधी कुणीतरी जमीन, पैसा आणि विश्वास द्यावा लागतो, आणि काम चांगलं की वाईट हे ठरेपर्यंत हे तिन्ही दुसऱ्याकडे गेलेले असतात. दोन-दोन वर्षांच्या करारांवर संशोधन करणाऱ्या माझ्यासारखीला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आमचीही मोजपट्टी करार संपल्यावर येते.

ब्राउनची मोजपट्टी १९९३ मध्ये आली. अलेक्झांड्रा रोडला संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला; युद्धोत्तर काळातल्या कौन्सिलच्या वसाहतींमध्ये हा मान तिला पहिल्यांदा मिळाला. दरम्यान तो युरोपात काम करत होता. नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला त्याने मोठी वसाहत उभारली. मग वास्तुकला सोडून चित्रकला शिकायला गेला. ब्रिटनमधली त्याची सगळी कामं एकेक करून संरक्षित झाली. सप्टेंबर २०१७ मध्ये ब्रिटिश वास्तुकारांच्या संस्थेने २०१८ चं सुवर्णपदक त्याला जाहीर केलं. जानेवारी २०१८ मध्ये, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, तो गेला. ब्रायंट २०२० मध्ये.

अखेरच्या वर्षांत ब्राउन कॅमडेनमध्येच राहत होता, फ्लीट रोडवर त्यानेच आखलेल्या वसाहतीत. तीही बघा. आणि रोली वेवर गेलात तर कॅमेरा जरा आवरता ठेवा. चित्रपटवाल्यांनी तिथल्या रहिवाशांना आधीच पुरेसा त्रास दिला आहे.