चुलीतली राख आणि बरणीची झिलई

लोणच्याची बरणी पाहिलेली नाही असे मराठी घर सापडायचे नाही. अंगाने पांढरी, गळ्याशी तपकिरी, हात फिरवला तर गुळगुळीत. हा गुळगुळीतपणा म्हणजे तिची झिलई. आम्ही स्टुडिओत काम करणारी मंडळी तिला ग्लेझ म्हणतो. झिलई म्हणजे दुसरे तिसरे काही नाही, मातीच्या अंगावर वितळवून बसवलेली काच. आज ती पूड करून पिशव्यांतून तयार मिळते. पण हे दुकान फार अलीकडचे. त्याआधी हजारो वर्षे कुंभाराने झिलईचे सामान मिळवले ते घरातून, शेजारच्या कारागिराकडून आणि पुष्कळदा टाकून दिलेल्या वस्तूंमधून. त्या जुन्या सामानाविषयी आज बोलायचे आहे.

सुरुवात राखेपासून करू. चीनमध्ये सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी भट्ट्या इतक्या तापू लागल्या, की जळत्या लाकडाची राख उडून भांड्यांच्या खांद्यावर बसली आणि तिथेच वितळली. थंड झालेल्या भांड्यावर हिरवट, काचेसारखा ओघळ दिसला. राखेत चुना असतो, पोटॅशसारखा खार असतो. मातीत गार असते. हे एकत्र आले आणि उष्णता साधारण १२०० अंशांच्या वर गेली, की त्यांची काच होते. पुढे तिथल्या कुंभारांनी हीच राख मातीच्या पाण्यात कालवून मुद्दाम लावायला सुरुवात केली.

आता तुम्ही विचाराल, राख तर आपल्याकडे घरोघरी होती. भांडी राखेने घासली, दात राखुंडीने घासले, धान्याला कीड लागू नये म्हणून राख चोळली. मग आपल्या कुंभाराने ती मडक्याला का नाही लावली? उत्तर आव्यात आहे. शेणी, भुसा, काटक्या रचून पेटवलेला उघडा आवा आठशे-नऊशे अंशांच्या फार पुढे जात नाही. तेवढ्या आगीत राख ही राखच राहते. शिवाय आपल्या माठाला झिलई नकोच असते. पाणी झिरपले नाही तर ते गार कसे होणार? तेव्हा ही कारागिरीतली उणीव होती असे मला वाटत नाही.

पण कमी आगीतही झिलई हवी असेल तर वितळायला मदत करणारा दुसरा पदार्थ लागतो. सिंध आणि मुलतानच्या निळ्या-पांढऱ्या फरशा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे लगेच कळेल. त्यांच्या सामानाची यादी जॉर्ज बर्डवुड यांनी १८८० साली हिंदुस्थानातील कलाउद्योगांवर लिहिलेल्या ग्रंथात मिळते. हे गृहस्थ १८३२ साली आपल्या बेळगावात जन्मलेले, पुढे मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवणारे. यादीत काय आहे? पांढऱ्या गारेचा दगड, सज्जीखार, टाकणखार, नवसागर. आणि रंगासाठी तांब्याचे जळके पापुद्रे. ही नावे वाचताना मला एक सबंध बाजारपेठ दिसते. सज्जीखार धोब्याचा. टाकणखार सोनाराचा, डाग देण्यासाठी. नवसागर कल्हईवाल्याचा. आणि पापुद्रे तांबटाच्या ऐरणीखालचे, झाडून टाकायचे. सिंधमधला फिरोजी रंग हा असा केराच्या सुपलीतून आलेला आहे. तांबे खारयुक्त झिलईत निळे दिसते आणि शिशाच्या झिलईत हिरवे, हे त्या कारागिरांना रसायनशास्त्राच्या पुस्तकाशिवाय ठाऊक होते.

या परंपरेचा एक धागा मुंबईतही आला. १८७०च्या दशकात जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये जॉर्ज टेरी यांनी कुंभारकाम सुरू केले. तिथल्या भांड्यांवर एकीकडे अजिंठ्याची चित्रे उतरली आणि दुसरीकडे सिंधी नक्षी. ती भांडी आज संग्रहालयांत आहेत.

आता शिशाकडे येऊ. कमी आगीत सर्वांत सुंदर, सर्वांत सोपी झिलई शिशाची होते. तिने जगभर माणसे मारली. इंग्लंडच्या स्टॅफर्डशायर परगण्यातल्या कुंभारांचे वर्णन रॉबर्ट प्लॉट यांनी १६८६ साली करून ठेवले आहे. शिशाचे खनिज कुटायचे, बारीक चाळायचे आणि ती पूड ओल्या भांड्यावर भुरभुरायची. आपण पाटावर रांगोळी टाकतो तशी. जागा तीच, जिथे राहायचे, खायचे, पोरे खेळायची. पुढे तिथे कारखाने झाले, तेव्हा झिलईच्या कुंडात भांडी बुडवणाऱ्या बायका आणि पोरांच्या अंगात शिसे भिनू लागले. मनगटे लुळी पडत, गर्भपात होत, दृष्टी जाई. १८९५च्या कायद्याने शिशाच्या विषबाधेची नोंद देणे सक्तीचे झाले. तरी कच्च्या शिशाची झिलई तिथे पूर्ण बंद व्हायला १९४७ साल उजाडावे लागले. एवढा वेळ का लागला? शिशाची झिलई दिसायला देखणी आणि करायला स्वस्त. ग्राहकाला चकाकी हवी होती.

याच इंग्लंडमध्ये याच काळात एक बाई पुन्हा राखेकडे वळल्या, याचे मला फार अप्रूप वाटते. कॅथरिन प्लेडेल-बुव्हरी त्यांचे नाव. जन्म १८९५चा, घर जमीनदाराचे. सेंट आइव्हज इथे बर्नार्ड लीच यांच्याकडे शिकून त्यांनी १९२५ साली कोलशिल या आपल्या वडिलोपार्जित इस्टेटीवर भट्टी उभारली. १९२८ साली नोरा ब्रेडन त्यांना येऊन मिळाल्या. इस्टेटीवर पडलेले लाकूड, छाटलेली झुडपे, गवत, जे मिळेल ते जाळायचे, आणि प्रत्येकाची राख वेगळी ठेवायची. कारण झाडागणिक राख निराळी. गवत आणि पेंढ्याच्या राखेत गार जास्त, तिने दुधाळ झिलई येते. लाकडाच्या राखेत चुना जास्त, ती जास्त वाहते. एकाच झाडाची राखसुद्धा जमीन बदलली की बदलते. म्हणजे एक पोते संपले, की ती झिलई पुन्हा तशीच येईल याची खात्री नाही. कारखानदाराला हे परवडणार नाही. त्या दोघींना त्यातच गंमत होती.

माझ्या स्टुडिओतले निम्मे सामान पुण्याच्या जुन्या बाजारातून आलेले आहे. पितळी चाळणी, दुधाची मापे, एक तराजू, आणि एक पुरणयंत्र. धुतलेल्या राखेतले कोळशाचे खडे काढायला पुरणयंत्रासारखे साधन नाही. दगडी रगडे तर हल्ली लोक दाराबाहेर ठेवून देतात. माझ्या रगड्याला टाकी लावायला आलेल्या बाईंनी विचारले, ‘‘ताई, डाळ वाटणार ना?’’ मी म्हटले, ‘‘फुटक्या बाटल्या.’’ त्या जरा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. काच नेहमी पाणी घालून वाटावी. काचेची आणि गारेची कोरडी धूळ छातीत गेली की बाहेर येत नाही.

राख पाण्यात भिजवायची ती प्लास्टिकच्या बादलीत किंवा स्टीलच्या पातेल्यात. ॲल्युमिनियमचे भांडे कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये, राखेचा खार त्याला खातो. हात घालायचा तर रबरी मोजे घालून. राख घ्यायची तीही विचारून. बेकरीच्या भट्टीत पुष्कळदा जुन्या दारे-खिडक्यांचे लाकूड जळते आणि त्यावर जुना तैलरंग असतो. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर दहा लाख भागांत ९० भागांची मर्यादा घालणारा नियम २०१६ साली झाला आणि २०१७च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाविषयी काय सांगावे? अशी राख मी घेत नाही. रंगीत बांगड्यांची काचही नाही. पोळीभाजी करणाऱ्या घरची साधी चूल असेल तर तिथून पिशवीभर आणते.

बाजारातून आणलेल्या प्रत्येक भांड्यावर मी लाल तैलरंगाने फुली मारते. त्या चाळणीतून पुन्हा पीठ चाळायचे नाही, त्या मापाने पुन्हा दूध मोजायचे नाही. घरी आलेल्या पाहुण्या बायकांना ती पितळी चाळणी फार आवडते, म्हणून फुली जरा मोठीच काढलेली आहे.

आणि भाजून निघालेला वाडगा जेवणासाठी द्यायचा असेल, तर त्यात लिंबाची फोड घालून रात्रभर ठेवते. सकाळी फोडीखालचा रंग उतरलेला किंवा बदललेला दिसला, तर ती झिलई आंबटाला टिकणारी नाही. रंग न बदलला म्हणजे शिसे नाही असे मात्र सिद्ध होत नाही. त्यासाठी प्रयोगशाळाच हवी, नाहीतर आत काय काय घातले आहे ते आपले आपल्याला पक्के ठाऊक हवे. लिंबाने डागाळलेल्या वाडग्यांची माझ्याकडे एक रांग आहे. त्यांत ब्रश ठेवलेले आहेत.