साठे, सत्यरंजन पुरुषोत्तम
(१९३१–२००६). भारतीय संविधानाचा अर्थान्वय, मूलभूत अधिकार आणि प्रशासकीय कायदा या विषयांचे महाराष्ट्रीय विधिपंडित व प्राध्यापक.

पुण्यातील इंडियन लॉ सोसायटीच्या विधी महाविद्यालयाचे (स्थापना १९२४) ते १९७६ ते १९९१ या काळात प्राचार्य होते. मूलभूत अधिकारांचा संकोच करणारी घटनादुरुस्ती संसदेस करता येते किंवा नाही, हा प्रश्न गोलकनाथ खटल्याच्या निवाड्याने (१९६७) ऐरणीवर आला असता, त्याच विषयावरील त्यांचा ग्रंथ १९६८ मध्ये मुंबई विद्यापीठाने प्रसिद्ध केला [→ घटनादुरुस्ती].

गोपालन खटल्यातील (१९५०) शब्दनिष्ठ अर्थान्वयापासून मनेका गांधी खटल्यातील (१९७८) हेतुलक्ष्यी अर्थान्वयापर्यंत सर्वोच्च न्यायालयाने केलेली वाटचाल हा त्यांच्या विवेचनाचा कणा होय. संहितेतील शब्दांचा रूढ अर्थ लावून थांबणारे न्यायालय आणि बदलत्या सामाजिक परिस्थितीनुसार अधिकारांची कक्षा विस्तारणारे न्यायालय, असा भेद करून, सत्तासंबंध अधिक समन्यायी करणारी न्यायालयीन सक्रियता सकारात्मक, तर प्रस्थापित सत्तासंबंध जैसे थे राखणारी नकारात्मक, असे वर्गीकरण त्यांनी मांडले [→ न्यायालयीन सक्रियता].

२००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी ग्रंथात त्यांनी या सक्रियतेचा विस्तार व तिच्या मर्यादा यांचे सविस्तर निरूपण केले असून, केशवानंद भारती खटल्यातून (१९७३) उदयास आलेला संविधानाच्या मूलभूत चौकटीचा सिद्धांत व जनहित याचिका यांच्या अभ्यासात त्या निरूपणास संदर्भमूल्य आहे [→ जनहित याचिका, मूलभूत अधिकार, संविधानाची मूलभूत चौकट].