पायांच्या जोरावर लागलेली नोकरी

आरमोरी, चामोर्शी, मूल, सिंदेवाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या या पट्ट्यात पहाटे अंधारातच पोरंपोरी रस्त्याच्या कडेनं धावताना दिसतात. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावं लागतं, त्याची ही तयारी. घरी विचारणारे एकच विचारतात, "लागला का?" पायांत बळ असेल तर नोकरी लागते, हे इथल्या झोपडीतल्या म्हातारीलाही पटलेलं आहे. ही समजूत मात्र आपल्या मातीत उगवलेली नाही. तिचं कूळ शोधत गेलं की आपण फुटबॉलच्या मैदानावर पोचतो, तेही लँकेशायरच्या गिरणगावांत. हिंगणघाटचा कापूस ज्यांना नावानं ठाऊक होता, त्याच या गिरण्या.

१८७८ साली फर्गस सूटर नावाचा एक पाथरवट ग्लासगो सोडून लँकेशायरमधल्या डार्विन गावी आला. तिथल्या क्लबकडून तो खेळू लागला आणि थोड्याच दिवसांत त्यानं छिन्नी खाली ठेवली. इकडचा दगड फार कठीण आहे, असं कारण त्यानं दिल्याचं सांगतात. त्या काळी खेळासाठी पैसे घेणं नियमबाह्य होतं, त्यामुळे सूटरची चूल कशावर पेटते हे गावाला कळत होतं, पण बोलत कोणी नव्हतं. १८७९ मध्ये एफए कपमध्ये डार्विनची गाठ ओल्ड इटोनियन्सशी पडली, म्हणजे श्रीमंतांच्या शाळेत शिकलेल्या सद्‌गृहस्थांशी. सामना लंडनला होता. गिरणी कामगारांनी एवढ्या लांब जायचं तर प्रवासाचा खर्च आणि बुडणारी मजुरी आणायची कुठून? गावानं वर्गणी काढली. १-५ असे मागे पडलेले डार्विनचे गडी ५-५ वर आले, मग फेरसामने झाले आणि तिसऱ्या सामन्यात ते हरले. आपल्याकडे गावोगावच्या कबड्डी सामन्यांना दारोदार फिरून वर्गणी गोळा करणाऱ्या मंडळांना हा प्रसंग परका वाटणार नाही.

यातली खरी गोष्ट पुढे घडली. प्रेस्टन नॉर्थ एंडचा कारभारी विल्यम सडेल हा एका सूतगिरणीचा व्यवस्थापक होता. तो स्कॉटलंडहून चांगले खेळाडू आणायचा आणि त्यांना गावात काम मिळवून द्यायचा. १८८४ मध्ये लंडनच्या अप्टन पार्क क्लबनं तक्रार केली, तेव्हा सडेलनं काहीच लपवलं नाही. त्याचा संघ स्पर्धेतून बाद झाला. मग उत्तरेतले क्लब वेगळी संघटना काढायला निघाले आणि फुटबॉल असोसिएशनला माघार घ्यावी लागली. २० जुलै १८८५ रोजी पगारी खेळाडूला मान्यता मिळाली. खेळाच्या बदल्यात नोकरी, या प्रथेचा मूळपुरुष मी सडेललाच मानतो. १८८८-८९ मध्ये त्याच्या संघानं एकही सामना न हरता लीग जिंकली. आणि १८९५ साली गिरणीच्या पैशांचा अपहार केला म्हणून सडेल तुरुंगात गेला. संघ एका माणसाच्या तिजोरीवर उभा असला की काय होतं, याचा हा पहिला धडा होता.

पगाराला मान्यता मिळाली, पण मालकांनी त्यावर झाकण ठेवलं. १९०१ मध्ये आठवड्याला ४ पौंडांची कमाल मर्यादा आली. १९६१ मध्ये ती उठली तेव्हा ती २० पौंडांवर होती, आणि उठवण्यासाठी जिमी हिल यांच्या नेतृत्वाखालच्या खेळाडू संघटनेला संपाची तयारी करावी लागली. त्यानंतर फुलहॅमचा जॉनी हेन्स आठवड्याला १०० पौंड घेऊ लागला. पैशानं खेळाडू बिघडतो म्हणणाऱ्यांनी हेन्सकडे पाहावं. १९५२ पासून १९७० पर्यंत तो फुलहॅममध्येच राहिला.

आपल्याकडे हा खेळ हौशी नियमांत अडकला. ऑलिंपिकला जायचं तर पगारी म्हणवून घेता येत नव्हतं. म्हणून भारतीय फुटबॉलनं सडेलचा जुना मार्ग धरला : खेळाडूला कारकून करा, शिपाई करा, तिकीट तपासनीस करा. यातला सर्वात तेजस्वी संघ चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, शेजारचाच होता, हैदराबाद सिटी पोलिसांचा. (राजुरा तालुकाही तेव्हा हैदराबाद राज्यातच होता, तो चांदा जिल्ह्यात आला १९५९ साली.) मुळात शिक्षक असलेल्या सय्यद अब्दुल रहीम यांच्या हाताखाली या पोलीस संघानं १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं मुंबईचा रोव्हर्स कप जिंकला. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला तोही रहीम यांच्याच मार्गदर्शनाखाली. तिथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारे नेव्हिल डिसूझा मुंबईत टाटांच्या संघातून खेळत.

पी. के. बॅनर्जी यांची गोष्ट तर प्रत्येक क्रीडाशिक्षकानं मुलांना सांगावी. घरची जबाबदारी अंगावर होती म्हणून त्यांनी रेल्वेची नोकरी धरली. मोहन बागान किंवा ईस्ट बंगालची जर्सी त्यांनी कधीच घातली नाही. ईस्टर्न रेल्वेकडून खेळतच ते भारताचे कर्णधार झाले, आणि १९५८ मध्ये त्याच रेल्वे संघानं कोलकात्याची लीग जिंकली. महिन्याच्या पगाराची शाश्वती होती म्हणून त्यांचा खेळ कुठे सैल पडलेला दिसत नाही.

मुंबईत मफतलाल, ऑर्के, महिंद्र अशा कंपन्यांनी संघ पोसले. गोव्यात हे काम साळगावकर, धेंपो, सेझा या खाणवाल्यांनी केलं. लोखंडाच्या मातीतून आलेल्या पैशावर धेंपो क्लबनं राष्ट्रीय लीगचं विजेतेपद पाच वेळा मिळवलं.

१९९६ मध्ये राष्ट्रीय लीग आली आणि वारं फिरलं. केरळ पोलिसांत घडलेला आय. एम. विजयन त्याआधीच मोहन बागानला गेला होता. लहानपणी त्रिशूरच्या मैदानात सोडा विकणाऱ्या पोरानं मोठा डाव मांडला, यात गैर काहीच नाही. पण नव्या व्यावसायिक क्लबांपैकी एफसी कोचीन पैशाअभावी काही वर्षांतच बंद पडला. महिंद्र युनायटेडनं २००५-०६ ची लीग जिंकली आणि २०१० मध्ये संघ गुंडाळला. २०१५ च्या इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) लिलावात सुनील छेत्रीवर १ कोटी २० लाखांची बोली लागली. दहा वर्षांनी, २०२५ मध्ये, तीच लीग कराराच्या घोळात लांबणीवर पडली आणि ऑगस्टमध्ये छेत्रीच्याच बेंगळुरू एफसीनं खेळाडूंचे पगार थांबवले.

खेळाडूची उमेद पैशानं मरत नाही. पुढच्या महिन्यात पैसे येतील की नाही हेच कळेनासं झालं, की ती मरते. गरीब घरच्या मुलासाठी तर हे शंभर टक्के खरं आहे. त्याच्या पायांवर फक्त त्याचं नाव उभं नसतं, बहिणीचं शिक्षणही असतं आणि बापाचं कर्जही असतं.

आज राज्याच्या शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. ते मोलाचं आहे, पण ते पदक मिळाल्यानंतर उपयोगी पडतं. पदकापर्यंत पोचण्याच्या आठ-दहा वर्षांत मुलानं खायचं काय? आधी काम देऊन मग खेळाडू घडवणं, हे काम रेल्वेनं, पोलिसांनी, गिरण्यांनी केलं होतं, आणि तीच जागा आज रिकामी आहे.

चंद्रपुरात वेस्टर्न कोलफील्ड्सच्या (वेकोलि) कोळसा खाणी आहेत, महाऔष्णिक वीज केंद्र आहे, भद्रावतीची आयुध निर्माणी आहे, बल्लारपूरची पेपर मिल आहे. गडचिरोलीत एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरातून गोव्यासारखंच लोहखनिज निघतं आहे. त्या खाणीवरून जिल्ह्यात तीव्र मतभेद आहेत आणि फुटबॉलनं ते मिटणार नाहीत, मिटवूही नयेत. पण इथल्या जमिनीतून पैसा निघतोच आहे, तर त्यातला वाटा इथल्या पायांना मिळायला हवा. या आस्थापनांना माझी विनंती आहे. वर्षातून एकदा चषक आणि टी-शर्ट वाटून थांबू नका. आश्रमशाळांतून खुल्या चाचणीनं मुलंमुली निवडा, त्यांना लेखी करारानं काम द्या, सरावासाठी वेळ द्या, आणि गुडघा मोडला तरी नोकरी जाणार नाही हे त्या करारात स्पष्ट लिहा.