घरातलं टपालघर

"ई-मेल तर फुकट मिळते, मग तू स्वतःचा सर्व्हर चालवायला कशाला शिकतोयस?" हा प्रश्न आत्यापासून भाच्यापर्यंत सगळ्यांनी विचारून झाला. फोनवर दर वेळी अर्धवट उत्तर देण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहावं म्हणून हा प्रपंच. ज्यांना तांत्रिक गोष्टींची धास्ती वाटते त्यांनी घाबरू नये. हा मुख्यतः इतिहास आहे. फक्त तो मी पुस्तकातून न वाचता, आतल्या खोलीत ठेवलेल्या एका जुन्या संगणकावर करून पाहिला, एवढंच.

सामग्री साधीच. एक जुना संगणक, त्यावर डेबियन लिनक्स, आणि त्याच्या पोटात दोन आभासी संगणक. एकाचं नाव ठेवलं जुहू, दुसऱ्याचं पवई (का, ते पुढे कळेलच). शिवाय नावांची वही सांभाळणारा एक छोटा डीएनएस सर्व्हर. सगळ्या पत्त्यांच्या शेवटी 'डॉट टेस्ट', कारण १९९९ साली हे आडनाव केवळ चाचण्यांसाठी राखून ठेवण्यात आलं आणि बाहेरच्या जगात ते कुणालाच मिळत नाही. म्हणजे घरातला गोंधळ घरातच राहणार.

एकाच खोलीत बसून या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात पत्र पाठवायचं हा पोरखेळ वाटेल. पण ई-मेलचा जन्म नेमका असाच झालाय. १९७१ च्या अखेरीस अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज गावी, बीबीएन नावाच्या कंपनीत, रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पहिलं पत्र पाठवलं. ते दोन्ही संगणक एकमेकांना खेटून उभे होते! त्यांना जोडणारा दुवा फक्त आर्पानेटचा. एकाच संगणकावरच्या लोकांनी एकमेकांसाठी निरोप ठेवायची सोय आधीपासून होती, फाइल जाळ्यातून पाठवण्याचा प्रयोगही चालू होता. टॉमलिन्सन यांनी या दोन गोष्टींची गाठ मारली आणि माणसाचं नाव व संगणकाचं नाव यांच्यामध्ये '@' हे चिन्ह घातलं, कारण ते कुणाच्या नावात येत नसे. पहिल्या पत्रात काय लिहिलं होतं हे पुढे त्यांनाही आठवत नव्हतं. चाचणीचंच पत्र ते, कोण लक्षात ठेवणार?

आता शिकण्याचा पहिला धडा. मेलचा सर्व्हर पंचवीस नंबरच्या दारावर, म्हणजे पोर्टवर, बसलेला असतो, आणि त्याच्याशी चक्क हाताने टंकून बोलता येतं. आपण दार वाजवलं की तो २२० म्हणतो, म्हणजे 'या'. आपण 'हेलो' म्हणायचं. त्याच्या स्पेलिंगमध्ये एकच 'एल', कारण सगळ्या आज्ञा चार अक्षरी. मग पाठवणारा कोण ते सांगायचं, कुणाला ते सांगायचं, दर वेळी तो २५० म्हणजे 'ठीक' म्हणतो. मग 'डेटा' म्हणून पत्र लिहायचं, आणि शेवटी एका ओळीवर नुसता एक टिंब. झालं, पत्र पोस्टात पडलं.

हे संभाषण जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये लिहून ठेवलं. आज जगभर जी ई-मेल फिरते तिचा पाया अजूनही तोच आहे. चाळीस वर्षांपूर्वीचं संभाषण घरातल्या पडद्यावर जसंच्या तसं उमटताना पाहिलं आणि अंगावर काटा आला.

पण लगेच दुसरीही गोष्ट लक्षात येते. पाठवणारा कोण, या प्रश्नाला मी काहीही उत्तर दिलं तरी सर्व्हर 'ठीक' म्हणतो. मी 'राष्ट्रपती' असं सांगितलं, तेही चाललं. शिवाय पाकिटावरचा पाठवणारा एक आणि आतल्या पत्राच्या डोक्यावरचा पाठवणारा दुसरा, हेही चालतं. आपल्या टपालातही असंच नाही का? आंतर्देशीय पत्रामागे कुठलंही नाव लिहिलं तरी पोस्टमन ते आणून देतोच.

पोस्टेल यांना हे कळत नव्हतं असं नाही. १९८२ साली त्या जाळ्यावर जेमतेम दोन-अडीचशे संगणक होते, आणि तेही विद्यापीठं, संशोधनसंस्था आणि लष्कर यांचे. वाड्यातल्या बिऱ्हाडांसारखं. वाड्यात कुणी दाराला कुलूप लावतं का? पोस्टेल यांचं एक तत्त्व प्रसिद्ध आहे: आपण पाठवताना काटेकोर राहावं, दुसऱ्याचं स्वीकारताना उदार असावं. सगळी ई-मेल या उदारपणावर उभी राहिली.

त्या वाड्यातही एक आगाऊ बिऱ्हाड होतंच म्हणा. ३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या गॅरी थ्युअर्क यांनी आपल्या नव्या संगणकांची जाहिरात आर्पानेटवरच्या चारेकशे लोकांना एकदम पाठवून दिली. लोक भडकले, कानउघाडणी झाली, प्रकरण मिटलं. तेव्हा कानउघाडणी पुरत असे.

आता जुहू आणि पवई. आपल्याकडे ई-मेलची सुरुवात झाली ती मुंबईत. १९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने अर्नेट हा प्रकल्प हाती घेतला. त्यात आयआयटी होत्या, बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था होती, आणि जुहूची एनसीएसटी होती, जिचे प्रमुख होते डॉ. श्रीनिवासन रमाणी. १९८७ च्या सुमारास एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात साध्या टेलिफोनवरून, डायल करून, मेलची देवाणघेवाण सुरू झाली. पाहा, पुन्हा तेच! केंब्रिजमध्ये एका खोलीतले दोन संगणक, इथे एका शहरातल्या दोन संस्था. थोड्याच काळात, १९८९ पर्यंत, जुहूहून थेट अमेरिकेपर्यंत सेकंदाला ९,६०० बिटांची तार जोडली गेली. आज आपण मोबाइलवरून सहज धाडतो तसा तीन मेगाबाइटचा एक फोटो पाठवायला त्या तारेला पाऊण तास तरी लागला असता. सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं ते त्यानंतर, १५ ऑगस्ट १९९५ ला.

फोनची लाइन सदा चालू नसे, म्हणून पत्र रांगेत थांबायचं आणि जोडणी झाली की पुढे जायचं. हा गुण ई-मेलच्या अंगी आजही आहे. मी एका रात्री माझा 'पवई' बंद करून ठेवला आणि 'जुहू'वरून त्याला पत्र पाठवलं. पत्र रांगेत बसून राहिलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी 'पवई' सुरू केला, आणि तासाभरात पत्र हजर. पोस्टफिक्स नावाचा सर्व्हर काही न सांगता पाच दिवस असा प्रयत्न करत राहतो. पलीकडचं घर बंद दिसलं म्हणून पत्र फेकून देत नाही. या चिकाटीचं मला फार कौतुक वाटतं.

पोस्टफिक्सची कथाही ऐकण्यासारखी आहे. त्याच्या आधी राज्य होतं सेंडमेलचं. बर्कलीच्या विद्यापीठात एरिक ऑलमन यांनी १९८० च्या आसपासच्या वर्षांत ते लिहिलं. तेव्हा प्रत्येक जाळ्याची पत्ता लिहायची तऱ्हा वेगळी. कुठे '@', तर कुठे वाटेतल्या एकेका संगणकाचं नाव उद्गारचिन्हांनी जोडून लिहायचं. सेंडमेल या सगळ्यांचा दुभाषी. त्यामुळे त्याची मांडणीची फाइल अशी, की कीबोर्डवरून मांजर चालत गेलंय असं वाटावं. :) सगळी कामं एकाच अवाढव्य प्रोग्रॅमच्या हातात, आणि त्याला संगणकावरचे सगळे अधिकार. २ नोव्हेंबर १९८८ ला रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला किडा हजारो संगणकांत शिरला, तेव्हा त्याच्या वाटांपैकी एक होती सेंडमेलमध्ये तपासणीसाठी उघडी राहिलेली खिडकी.

वाड्याला कुलपं लागायला सुरुवात झाली ती साधारण तेव्हापासून. १९९८ साली आयबीएमच्या संशोधन केंद्रात वीत्से वेनेमा यांनी पोस्टफिक्स आणलं. त्यात कामं वाटून दिलेली: एक दारावर बोलणार, एक रांग सांभाळणार, एक पत्र पोचवणार, आणि प्रत्येकाला गरजेपुरतेच अधिकार. पोस्टात जसे खिडकीवरचे, छाननीचे आणि वाटपाचे लोक वेगळे असतात तसं. एकाला कुणी फितवलं तरी सगळं टपालघर हातचं जात नाही.

दुसरं कुलूप लागलं ते सौजन्याला. पूर्वी कुठलाही सर्व्हर कुणाचंही पत्र पुढे पोचवून द्यायचा. जाताजाता शेजाऱ्याचं पत्र पेटीत टाकावं तितक्या सहज. नव्वदच्या दशकात जाहिरातवाल्यांनी या सौजन्याचा पार चोथा केला. १९९७ साली पॉल व्हिक्सी आणि मंडळींनी अशा पत्त्यांची काळी यादी सुरू केली, आणि 'परक्याचं टपाल स्वीकारू नका' हा नियम झाला. जॉन गिलमोर यांच्यासारख्या काहींनी मात्र तत्त्व म्हणून आपला सर्व्हर उघडाच ठेवला. चोरांच्या भीतीने सगळ्यांचे रस्ते का बंद करायचे, असा त्यांचा सवाल. मला दोन्ही बाजू पटतात, हीच पंचाईत आहे.

मग आल्या ओळखी पटवायच्या रीती. आमच्या नावाने कुठले संगणक पत्र पाठवू शकतात याची यादी जाहीर करायची, ही एक (एसपीएफ, २००६). पत्रावर गणिती मोहोर उमटवायची, ही दुसरी (डीकेआयएम, २००७). आणि पत्राच्या डोक्यावरचं नाव या दोन्हींशी जुळलं नाही तर काय करावं हे सांगणारी तिसरी, डीमार्क, २०१२ साली पुढे आली. घरातल्या वहीत या तिन्ही नोंदी केल्यावर माझे 'राष्ट्रपती' दारातच अडले. १९८२ साली उघडी राहिलेली फट बुजवायला तीस वर्षं लागली म्हणायची. आणि सक्ती व्हायला आणखी वेळ. गूगल आणि याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून घाऊक पत्रं पाठवणाऱ्यांना या गोष्टी बंधनकारक केल्या.

खोलीच्या आत हे सगळं सुरळीत चालतं. प्रश्न आहे तो उंबरठ्याबाहेरचा. माझ्या घरच्या इंटरनेटवरून बाहेर जाणारं पंचवीस नंबरचं दार बंदच आहे. त्याला कारण आहे. २००३ साली सोबिगसारख्या विषाणूंनी घरोघरचे संगणक बिघडवून त्यांतून कचरा ओतला, तेव्हापासून घरगुती पत्त्यांकडे सगळेच संशयाने पाहतात. आपल्या आकडी पत्त्याला उलटं नाव जोडायचं तर तेही जोडणी देणाऱ्याच्या हातात. बाहेर छोटा सर्व्हर भाड्याने घेऊन सगळं नियमानुसार केलं, तरी नव्या पत्त्याला पत नसते, आणि पत्र कचऱ्याच्या खणात पडू शकतं. नियम अजून सगळ्यांना खुले आहेत, विश्वास मात्र मोजक्या मोठ्या घरांत साठलाय.

याने आपलं काय बिघडतं? सांगतो. परदेशी गेलेल्या काकांनी २००० सालच्या आसपास मला लिहिलेली पत्रं एका फुकट सेवेत होती. ती सेवा बंद झाली आणि पत्रंही गेली. आजोबांची शाईची पोस्टकार्डं मात्र कपाटात अजून आहेत. घरच्या सर्व्हरवर प्रत्येक पत्र म्हणजे आपल्याच डिस्कवरची एक साधी फाइल असते. तिच्यात देवनागरी एका विचित्र रोमन लिपीत गुंडाळलेली दिसते खरी, कारण पोस्टेल यांच्या पत्रात फक्त इंग्रजी अक्षरं मावत आणि बाकी लिप्यांसाठी १९९२ साली 'माइम'ची सोय करावी लागली. पण उलगडायला ती सोपी आहे, आणि ती आपली आहे.

म्हणून सगळ्यांनी सर्व्हर मांडून बसावं असं मी म्हणत नाही. माझीही रोजची पत्रं मोठ्या सेवेतूनच जातात. मात्र दोन गोष्टी जरूर कराव्यात. जुन्या पत्रांची प्रत अधूनमधून आपल्या डिस्कवर उतरवून घ्यावी. आणि जमलं तर स्वतःच्या नावाचं डोमेन घ्यावं, म्हणजे सेवा बदलली तरी पत्ता तोच राहतो. हे शक्य आहे कारण ई-मेल अजून कुणा एकाच्या मालकीची नाही. एका कंपनीच्या पत्त्यावरून दुसऱ्या कंपनीच्या पत्त्यावर पत्र जातं, ही गोष्ट आपण गृहीत धरतो. निरोपांच्या बहुतेक अ‍ॅपमध्ये आजही ते सहज होत नाही.

शिकून काय मिळालं म्हणाल, तर हे कळलं की एवढी मोठी व्यवस्था शेजारधर्मावर सुरू झाली होती आणि तिचा सांगाडा अजून तोच आहे. तो आपल्याला ठाऊक असावा, निदान घरातल्या एकाला तरी. भाच्याने आता स्वतःच्या संगणकावर तिसरं टपालघर मांडायचं ठरवलंय. नाव ठेवलंय डोंबिवली.