बाईचा पार्ट बाईनं करायला किती वर्षं लागली



बचत गटाच्या बैठकीत पोरीच्या शिक्षणासाठी कर्ज मागितलं, तर नर्सिंगला कोणी नाही म्हणत नाही. डी.एड.ला नाही म्हणत नाही, ब्यूटी पार्लरच्या कोर्सलाही नाही. पण एखादी पोरगी बारावी झाली आणि म्हणाली, मला नाटक शिकायचं आहे, कॉलेजात जाऊन, डिग्री घेऊन, तर आधी सगळ्या हसतात, मग कुजबुज होते, आणि शेवटी एखादी ठामपणे सांगते की हे चांगल्या घरच्या पोरीचं काम नाही. हे वाक्य आम्ही सगळ्यांनीच ऐकलं आहे. ते आलं कुठून, याचा आज माग काढू.

आपण राजुऱ्याच्या बाया तशा झाडीच्या काठावरच्या. खरी झाडी वैनगंगेकडची, धानाची. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, आरमोरी, वडसा, कुरखेडा हा तो मुलूख. आपल्याकडे कापूस, कोळशाच्या खाणी, आणि बाजारात मराठीच्या जोडीला तेलुगू, गोंडी, कोलामी. पण लेक किंवा बहीण झाडीत दिलेली असली की दिवाळीनंतर मंडईचं, शंकरपटाचं आणि नाटकाचं बोलावणं येतंच. धान कापून झालेल्या बांधीत मंडप पडतो, कनात लागते, रात्री दहाच्या पुढे पडदा उघडतो आणि नाटक उजाडेपर्यंत चालतं. गाव पाहुण्यांनी भरतं, जावई येतात, सोयरिकीची बोलणी तिथेच निघतात. दिवाळी ते होळी हा हंगाम. नाटक कंपन्यांची मोठी पेठ वडशाला. गावचं मंडळ तिथे जाऊन नाटक ठरवतं, तारीख घेतं, विसार देतं.

या झाडीपट्टी रंगभूमीवर कामं करून मोठे झालेले गडचिरोली जिल्ह्यातले परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली. आठशेच्या आसपास नाटकं आणि पाच हजारांवर प्रयोग असं त्यांचं काम सांगितलं जातं. ते नाटक शिकले ते मंडपात. आधीच्याचं बघायचं, प्रॉम्प्टरचा आवाज कानात धरायचा, लोक कुठे हसतात ते लक्षात ठेवायचं, आणि उद्या दुसऱ्या गावी तेच जास्त चांगलं करायचं. हेही विद्यापीठच म्हणायचं, फक्त त्याला फी नव्हती.

पण त्याच गावातल्या पोरीचं काय? ती कनातीच्या आत बसून नाटक बघू शकत होती. स्टेजवर तिचा पार्ट तिच्याच गावचा एखादा गडी लुगडं नेसून करत होता. दंडारीत तेच, खडी गंमतीत तेच. पुढे बाईच्या पार्टाला बाया आल्या, त्या बहुतेक बाहेरून, नागपूरकडून. हंगामभर वडशात खोली करून राहायच्या. लोक त्यांच्या कामाला टाळ्या वाजवत, आणि आपल्या पोरीला मात्र त्यांच्याशी बोलू देत नसत.

ही रीत फक्त झाडीची होती असं समजू नका. मराठी नाटक सांगलीला विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सुरू केलं ते 'सीता स्वयंवर' या नाटकानं, आणि सीता झाला होता मुलगा. पुढची नव्वद वर्षं साधारण हेच चाललं. बालगंधर्व 1905 च्या सुमारास किर्लोस्कर मंडळीत गेले तेव्हा सोळा-सतरा वर्षांचे होते. कंपनी हीच त्या काळची नाटकाची शाळा. तिथे पोरांना गाणं शिकवत, चालणं शिकवत, पदर सावरायला शिकवत. बालगंधर्वांची लुगडी, दागिने आणि केसांतली फुलं बघून घराघरातल्या बाया तशा नटायच्या. बाईसारखं दिसायचं कसं हे बायांनी पुरुषाकडून शिकावं, याचं आम्हाला अजून हसू येतं. पण यात एक गोष्ट नीट बघा. नाटक शिकायला पुरुषाला विद्यापीठ लागलं नाही. त्याला कंपनी होती, मंडप होता, दंडार होती. पोरीला यातलं कुठलंच दार उघडं नव्हतं.

तमाशात बाया होत्या, हे खरं. विठाबाई नारायणगावकरांचं नाव तुम्हाला माहीत आहे. पण त्या ज्या घरात जन्मल्या तिथे ही कला वारशानं येत होती, आणि कलेबरोबर लोकांची नजरही वारशानंच येत होती. कुठल्याही घरातली पोरगी मनात आलं म्हणून हे शिकायला जाईल, अशी सोय तिथेही नव्हती.

शिक्षण आणि नाटक यांची गाठ मात्र आपल्याकडे फार आधी पडली आहे. जोतिबा फुल्यांनी 1855 साली 'तृतीय रत्न' नावाचं नाटक लिहिलं. त्यात एक गरोदर कुणबी बाई आहे आणि तिचा नवरा आहे. ग्रहांची भीती घालून भटजी दोघांना लुबाडतो. हळूहळू त्यांना उमजतं की आपण शिकलो नाही म्हणून फसलो, आणि ती दोघं शाळेची वाट धरतात. नाटकाच्या मध्यभागी कुणब्याची बाई, तीही त्या काळात! दक्षिणा प्राइज कमिटीनं ते नाकारलं. ते छापून लोकांच्या हाती पडायला 1979 साल उजाडलं. वेळेवर छापलं गेलं असतं तर मराठी नाटकाच्या पुस्तकांत सुरुवातीचं पान वेगळं असतं, असं आमचं मत आहे.

आता 1913 सालाकडे या. दादासाहेब फाळके 'राजा हरिश्चंद्र' हा सिनेमा काढत होते. तारामतीच्या कामाला बाई मिळेना. वेश्यावस्तीतही विचारून झालं, तिथूनही नकार आला. शेवटी खाणावळीत काम करणाऱ्या अण्णा साळुंके नावाच्या तरुणानं तारामती केली. त्याच वर्षी फाळक्यांच्या पुढच्या सिनेमात, 'मोहिनी भस्मासुर'मध्ये, दोन बाया पडद्यावर आल्या. दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला. दुर्गाबाई नवऱ्यापासून वेगळ्या झाल्या होत्या, पदरात लेक होती, पोट भरायला नाटक कंपनीत गेल्या होत्या. ही कमला म्हणजे पुढच्या कमलाबाई गोखले, चंद्रकांत गोखल्यांची आई आणि विक्रम गोखल्यांची आजी. नवऱ्याविना लेकरू वाढवणाऱ्या बायांना आपल्या गावात काय काय ऐकावं लागतं ते आपण जाणतोच. त्यावरून शंभर वर्षांपूर्वीच्या दुर्गाबाईंनी काय ऐकलं असेल याचा अंदाज करा.

मग 1933 साल. जुलैच्या पहिल्या तारखेला मुंबईत 'आंधळ्यांची शाळा' या नाटकाचा प्रयोग झाला. त्यात ज्योत्स्ना भोळे आणि पद्माबाई वर्तक यांनी कामं केली. त्याआधीही काही बाया स्टेजवर आल्या होत्या, पण बाईचा पार्ट बाईनंच करायचा ही गोष्ट शहरातल्या नाटकात या सुमारास रुजली. 1843 पासून धरलं तर नव्वद वर्षं.

तेव्हा आपलं राजुरा कुठे होतं? निजामाच्या राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात. वर्धा नदीच्या पलीकडे इंग्रजांचा मुलूख, नागपूरचं विद्यापीठ 1923 सालचं. अलीकडे निजामाचा अंमल, आणि विद्यापीठ म्हणजे हैदराबादचं उस्मानिया, 1918 सालचं, तिथे शिकवणं उर्दूतून. मराठी, तेलुगू किंवा गोंडी बोलणाऱ्या पोरीला शाळेची पायरीच लांब, मग नाटकाची गोष्ट कोण काढणार? 1948 साली निजामाचं राज्य गेलं. 1956 साली राजुरा नांदेड जिल्ह्याला जोडलं, आणि 1959 साली चांदा जिल्ह्यात आलं. नेमकं त्याच 1959 साली दिल्लीला राष्ट्रीय नाट्य विद्यालय सुरू झालं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण आम्हाला साल लक्षात ठेवायला बरं पडतं.

या विद्यालयाला खरा आकार दिला इब्राहिम अल्काझी यांनी. पुण्यात जन्मलेले, लंडनला नाटक शिकलेले. 1962 ते 1977 ते संचालक होते. नाटकाचं शिक्षण म्हणजे पाठांतर आणि हावभाव, ही समजूत तिथे मोडली. तीन वर्षांच्या अभ्यासात आवाज, शरीर, कपडेपट, दिवे, नेपथ्य, संस्कृत नाटक, परदेशी नाटक, सगळं आलं. आणि मुलं-मुली एकाच वर्गात. पोरीनं खिळे ठोकायचे, पोरानं कपड्यांना इस्त्री करायची. 1971 साली पुण्याची रोहिणी ओक तिथे गेली. आपल्या घराघरात वर्षानुवर्षं 'चार दिवस सासूचे' लागत होतं, त्यातल्या सासूबाई, रोहिणी हट्टंगडी, त्या ह्याच. 1982 च्या 'गांधी' सिनेमात त्यांनी कस्तुरबा केली आणि इंग्लंडचा मोठा बाफ्टा पुरस्कार मिळवला. अमृता सुभाषही त्याच विद्यालयात शिकलेली. पुढे या विद्यालयाच्या संचालकपदावर बायाही बसल्या, कीर्ती जैन आणि अनुराधा कपूर. ज्या नाटकात बाईला उभं राहू दिलं जात नव्हतं, त्याची देशातली सर्वात मोठी शाळा बाईनं चालवली.

महाराष्ट्रातही दारं उघडली. औरंगाबादच्या विद्यापीठात, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, नाट्यशास्त्र विभाग आहे, आणि मराठवाड्याच्या खेड्यापाड्यातली पुष्कळ मुलं तिथून पुढे आली. पुण्याच्या विद्यापीठात 1987 साली ललित कला केंद्र झालं. तिथे सतीश आळेकरांनी बरीच वर्षं धुरा सांभाळली. मुंबई विद्यापीठात 2003 साली वामन केंद्रे यांच्या पुढाकारानं नाट्य विभाग उभा राहिला. केंद्रे बीड जिल्ह्यातल्या खेड्यातले, पुढे दिल्लीच्या विद्यालयाचे संचालक झाले. आपल्या दोन जिल्ह्यांसाठी गोंडवाना विद्यापीठ 2011 साली गडचिरोलीला आलं. झाडीपट्टीच्या नाटकावर लोकांनी प्रबंध लिहून पीएचडी मिळवल्या. ज्यांच्या नाटकावर पीएचडी होते त्यांच्या लेकीबाळींनी मात्र नाटक शिकू नये, हे आम्हाला काही पटत नाही.

आता व्यवहाराचं बोलू, कारण कर्ज फेडायचं असतं. नाटक शिकून नोकरी हातात पडते असं आम्ही सांगणार नाही. पडत नाही. सिनेमात नाव होणाऱ्या मोजक्याच. बाकीच्या शाळांत नाटकाचे तास घेतात, बालनाट्य शिबिरं चालवतात, मालिकांमध्ये छोटी कामं करतात, दिवे आणि कपडेपट सांभाळतात, आवाजाची कामं करतात. आमच्यासारख्या रेडिओ केंद्रालाही असा तयार आवाज सापडला तर सोनंच. उत्पन्न कमी-जास्त होत राहतं, हंगामी असतं. पण ते तर आपल्या कापसाचंही असतं.

दिल्लीच्या विद्यालयाची अट बरीच वर्षं अशी आहे की कुठल्याही विषयाची पदवी हवी आणि निदान सहा नाटकांत काम केलेलं हवं. म्हणजे आधी राजुऱ्यात किंवा चंद्रपुरात बी.ए. करता येतं आणि तोवर नाटकंही करता येतात. कॉलेजच्या स्नेहसंमेलनातली एकांकिका, राज्य नाट्य स्पर्धेतलं नाटक, झाडीपट्टीतला प्रयोग, प्रत्येकाचं पत्रक, फोटो, प्रमाणपत्र पोरीनं जपून ठेवावं. निवड अवघड असते, आधी परीक्षा आणि मग दिल्लीत काही दिवसांची कार्यशाळा. निवड झाली तर दरमहा शिष्यवृत्ती मिळते, त्यामुळे गटाचं कर्ज लागलंच तर ते जाण्या-येण्याला आणि पहिल्या महिन्याला. विद्यापीठांच्या विभागांची फी आणि वसतिगृह यांची चौकशी दरवर्षी नव्यानं करावी, दलालाकडे एक रुपया देऊ नये, आणि पोरीसोबत पहिल्यांदा घरच्या बाईनं जावं, राहायची जागा डोळ्यांनी बघून यावी.

आणि प्रवासाचं म्हणाल, तर नदी ओलांडली की बल्लारशा. तिथून दिल्लीला थेट गाडी आहे.