पडद्याआडच्या स्त्रिया
* हेइआन काळात (इ.स. ७९४–११८५) क्योतोतील खानदानी स्त्री परपुरुषासमोर सहसा तोंड दाखवीत नसे. भेटीला आलेल्याशी ती बांबूच्या चिकाआडून, नाहीतर ‘किचो’ या हलवता येणाऱ्या कापडी आडपडद्यामागून बोले. चिकाखालून मुद्दाम बाहेर सोडलेल्या बाह्यांचे एकावर एक रंग पाहून पाहणारा तिची अभिरुची जोखत असे. राजवाड्यात चाकरीला असलेल्या स्त्रियांना मात्र दरबारी पुरुषांशी रोजचे बोलणे चुकत नसे, आणि त्यावरून त्यांना नावेही ठेवली जात. तेव्हा ‘कोंडलेल्या बायका’ हे लेखकाचे वर्णन सरसकट घेऊ नये. सम्राज्ञी शोशीच्या पदरी असलेल्या मुरासाकी शिकिबूने ‘गेन्जी मोनोगातारी’ ही ५४ प्रकरणांची कथा याच वातावरणात लिहिली. – संपा.